पगाराला सरकारची जोड

अमेरिकेत फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चचा पहिला पंधरवडा हा गरीब वस्त्यांतल्या दुकानदारांचा हंगाम असतो. गाडीचे टायर, वॉशिंग मशीन, मुलांचे बूट, थकलेलं भाडं, क्रेडिट कार्डाची उधारी असं वर्षभर मागे पडलेलं सगळं या दिवसांत मार्गी लागतं, कारण आयकर खात्याकडून रिफंड आलेला असतो. आपल्याकडे रिफंड म्हणजे जास्त कापला गेलेला टीडीएस परत मिळणं. तिथल्या या मंडळींना मात्र भरलेल्या करापेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळतात. कित्येकांनी तर वर्षभरात आयकर म्हणून एक डॉलरही भरलेला नसतो.

मिसिसिपीचं उदाहरण घेऊ. या राज्याला स्वतःचा किमान वेतन कायदा नाही, त्यामुळे तिथे केंद्राचा दर लागू होतो. तो तासाला ७.२५ डॉलर असून २००९ पासून एका सेंटनेही हललेला नाही. आठवड्याला ४० तास आणि वर्षाचे ५२ आठवडे एकही खाडा न करता काम केलं, तर वर्षाकाठी १५,०८० डॉलरची कमाई होते. दोन मुलं एकटीने वाढवणारी आई या पगारावर असेल, तर २०२४ सालच्या नियमांनुसार तिला या कमाईच्या ४० टक्के, म्हणजे ६,०३२ डॉलर परतावा मिळतो. जवळजवळ पाच महिन्यांचा पगार एका दमात! मुलांसाठीचं क्रेडिट आणखी वेगळं.

या सोयीचं नाव ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’, बोलण्यातलं ईआयटीसी. दरवर्षी सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबं आणि कामगार ती घेतात. तिची रचना चढण, पठार आणि उतार अशी आहे. सुरुवातीला कमाई वाढेल तसा परतावा वाढतो, काही अंतर स्थिर राहतो आणि मग हळूहळू घटत शून्यावर येतो. वरच्या उदाहरणातल्या आईचा परतावा ६,९६० डॉलरपर्यंत चढेल, २२,७२० डॉलरच्या कमाईपासून उतरू लागेल आणि ५५,७६८ डॉलरला संपेल. काहीच न कमावणाऱ्याला काहीच मिळत नाही. सगळं राजकारण या एका अटीत भरलेलं आहे.

काम करूनही ज्याचं भागत नाही त्याला सरकारने जोड द्यावी, हा विचार तसा जुना. ६ मे १७९५ रोजी इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यातले दंडाधिकारी स्पीनहॅमलँड इथल्या पेलिकन नावाच्या खाणावळीत जमले. फ्रान्सशी युद्ध सुरू होतं आणि गहू कडाडला होता. मजुराची मजुरी पावाच्या भावाच्या आणि घरातल्या माणसांच्या मानाने कमी पडली, तर उरलेली रक्कम गावाच्या फंडातून द्यायची, असं त्यांनी ठरवलं. जमीनमालकांनी याचा फायदा घेतला आणि मजुरी पाडली, गरीब आळशी झाले, अशी ओरड पुढची चाळीस वर्षं चालली. तिचं पर्यवसान १८३४ च्या कडक गरीब कायद्यात झालं. विसाव्या शतकात मार्क ब्लॉग यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी जुने आकडे तपासले आणि त्या ओरडीतली बरीच अतिशयोक्ती उघडी पाडली. पण सरकार जोड देतं म्हणून मालक पगार कमी देतो का, हा पेलिकन खाणावळीतून निघालेला प्रश्न आजही प्रत्येक अर्थसंकल्पी वादात हजेरी लावतो.

अमेरिकेत ही कल्पना आली ती उजवीकडून. बाजारपेठेचे कट्टर कैवारी मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये उलट्या आयकराची कल्पना मांडली. एका मर्यादेवर कमावणाऱ्याने सरकारला कर द्यावा आणि मर्यादेखालच्याला सरकारने द्यावा, असं तिचं साधं रूप. अध्यक्ष निक्सन यांनी १९६९ मध्ये प्रत्येक गरीब कुटुंबाला किमान उत्पन्न देणारी योजना आणली. प्रतिनिधिगृहात ती मंजूर झाली आणि सिनेटमध्ये अडकली. अडवणाऱ्यांत पुढे होते लुइझियानाचे सिनेटर रसेल लाँग. न कमावणाऱ्यालाही पैसे देणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं. जो राबतो त्यालाच बोनस द्या, त्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटीपोटी कापलं जाणारं थोडं परत करा, हा त्यांचा पर्याय. अध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने मार्च १९७५ मध्ये तो कायद्यात आला. कमाल रक्कम वर्षाला ४०० डॉलर आणि मुदत तात्पुरती. तात्पुरती सोय १९७८ मध्ये कायमची झाली. पुढे रेगन, थोरले बुश आणि क्लिंटन या तिघांनीही ती वाढवली. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन पक्षांनी मिळून पोसलेली गरिबांची ही जवळपास एकमेव योजना म्हणावी लागेल. उजव्यांना तिच्यात कामाची अट दिसली, डाव्यांना गरिबाच्या हातात पडणारा पैसा.

गुण किती आला, यावर अर्थशास्त्रज्ञांनी कपाटं भरली आहेत. नाडा आइसा आणि जेफ्री लीबमन यांनी १९९६ मध्ये दाखवलं की १९८६ च्या वाढीनंतर एकट्या आयांचं कामावर जाण्याचं प्रमाण २.८ टक्केबिंदूंपर्यंत वाढलं. हिलरी होइन्स आणि सहकाऱ्यांना असं आढळलं की परतावा वाढलेल्या घरांत कमी वजनाची बाळं जन्मण्याचं प्रमाण घटलं. उलट हेन्रिक क्लेवेन यांनी २०१९ मध्ये जुनी आकडेवारी पुन्हा चाळून शंका काढली. नव्वदच्या दशकात आया कामावर गेल्या त्या तेव्हाच्या तेजीमुळे आणि मदतीच्या नियमांत झालेल्या कडक बदलांमुळे, परताव्याचा हात त्यात फारसा नाही, असं त्यांचं म्हणणं. वाद मिटलेला नाही. पण परताव्यामुळे कुणी कामावर गेलं नाही असं धरलं, तरी राबणाऱ्याच्या घरी काही हजार डॉलर पोचतात आणि त्यातून लाखो मुलं दारिद्र्यरेषेच्या वर येतात, हे क्लेवेनही नाकारत नाहीत. फुकट देऊ नका, हा लाँग यांचा आग्रह होता. ते समाधान मतदाराला मिळालं. पोरांच्या पायात बूट आले, हा हिशेब वेगळा मांडायला हवा.

ब्रिटनची कथा अधिक सुरस आहे आणि अधिक करुणही. तिथे कमी पगाराच्या कुटुंबांना १९७१ पासून पूरक भत्ता होता. १९८८ मध्ये त्याचं नाव फॅमिली क्रेडिट झालं. १९९७ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला तेव्हा अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेचा नमुना होता. त्यांनी क्रम अचूक ठेवला. आधी १ एप्रिल १९९९ रोजी देशभर किमान वेतन लागू केलं, तासाला ३.६० पौंड. मग त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘वर्किंग फॅमिलीज टॅक्स क्रेडिट’ आणलं. खाली वेतनाची फरशी पक्की असल्यामुळे जोड मिळते म्हणून मालकाने पगार मनमानी पाडण्याची सोय राहिली नाही. स्पीनहॅमलँडच्या प्रश्नाला इतकं नेटकं उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल. अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञ जेसी रॉथस्टीन यांनी परताव्यातला मोठा वाटा कमी पगाराच्या रूपाने मालकांच्या खिशात जातो, असं मांडलं आहे. ७.२५ डॉलरवर गोठलेल्या देशात त्यात नवल ते काय!

ब्राउन यांचा हट्ट मात्र असा की ही मदत न वाटता पगाराचा भाग वाटली पाहिजे. म्हणून एप्रिल २००० पासून ती मालकामार्फत पगारात येऊ लागली. फॅमिली क्रेडिट बहुधा आईच्या हाती पडायचं. आता तोच पैसा बापाच्या पाकिटात जाऊ लागला, अशी टीका झाली. २००३ च्या एप्रिलमध्ये पुन्हा मांडामांड झाली. कामाचं वर्किंग टॅक्स क्रेडिट आणि मुलांचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट अशी फोड करून मुलांचा भाग त्यांना सांभाळणाऱ्याच्या खात्यात जमा होऊ लागला. मूळ घोडचूक झाली ती मात्र या नव्या पद्धतीच्या हिशेबात.

आयकराचं यंत्र वर्षाच्या हिशेबाने चालतं. ज्याला दरमहा ठरलेला पगार आहे त्याला ते सोयीचं. गरिबाचं उत्पन्न वर्षभर एका जागी बसत नाही. ओव्हरटाइम मिळतो, शिफ्ट कमी होते, काम सुटतं, दुसरं लागतं, नवरा घर सोडतो, मूल शाळेत जाऊ लागल्यावर पाळणाघराचा खर्च बदलतो. नव्या पद्धतीत मागच्या वर्षाच्या उत्पन्नावरून चालू वर्षाची रक्कम ठरायची आणि वर्ष सरल्यावर खरा हिशेब व्हायचा. जास्त गेलेली रक्कम परत मागितली जायची. पहिल्याच वर्षी सुमारे १९ लाख कुटुंबांना मिळून सुमारे २ अब्ज पौंड जास्त गेल्याचं निघालं. ते पैसे किराण्यात आणि भाड्यात केव्हाच खर्च झाले होते. कर खात्याने पुढच्या हप्त्यांतून कापायला सुरुवात केली. त्यात संगणक प्रणालीही बिघडली होती. ती उभारणाऱ्या ईडीएस कंपनीला नंतर भरपाई द्यावी लागली. २००५ मध्ये संसदेच्या लोकपाल अॅन अब्रॅहम यांनी अहवालात खात्याला चांगलंच सुनावलं. सरकारने मग असा तोडगा काढला की वर्षभरात उत्पन्न २५ हजार पौंडांनी वाढलं तरी ती वाढ त्या वर्षीच्या हिशेबात धरायची नाही. गोंधळ थांबला, खर्च वाढला. पुढच्या सरकारांनी ती मर्यादा पायरी पायरीने उतरवत पुन्हा २,५०० पौंडांवर आणली.

याच काळात ब्रिटनमधल्या एकट्या पालकांचं नोकरीतलं प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपासहून ५७ टक्क्यांच्या घरात गेलं, बालदारिद्र्य उतरलं. म्हणजे योजना फसली असं म्हणता येत नाही. फसली ती वसुली.

दुसरा फास उताराचा. २०१५ च्या सुमारास टॅक्स क्रेडिट घेणाऱ्या कामगाराने एक पौंड जास्त कमावला, तर आयकरात २० पेन्स जात, राष्ट्रीय विम्यात १२ आणि क्रेडिटमधून ४१. एकूण ७३ पेन्स. घरभाड्याची मदतही घेत असेल तर हातात जेमतेम चिल्लर उरे. लंडनमधल्या बँकेच्या बड्या अधिकाऱ्याच्या शेवटच्या पौंडावर त्या वेळी ४७ पेन्स जात होते! कामाला प्रोत्साहन म्हणून निघालेल्या योजनेने जादा शिफ्ट घेणाऱ्यावर देशातला सर्वांत चढा कर बसवला होता. गंमत अशी की हा दोष हिशेबातूनच येतो. मदत गरिबापुरती ठेवायची म्हटलं की ती कुठेतरी काढून घ्यावीच लागते, आणि लवकर काढली की उतार तीव्र होतो. उतार सौम्य केला तर मदत मध्यमवर्गापर्यंत पोचते आणि खर्च फुगतो. तिसरी वाट अजून कुठल्याच अर्थमंत्र्याला सापडलेली नाही.

खर्च फुगलाच होता, वर्षाला ३० अब्ज पौंडांच्या घरात. २०१४ मध्ये खात्याने कॉन्सेन्ट्रिक्स या अमेरिकी कंपनीला चुका आणि लबाड्या शोधण्याचं कंत्राट दिलं. जेवढी बचत दाखवाल तेवढी कमाई, असा व्यवहार. एकटी म्हणून क्रेडिट घेणाऱ्या बाईच्या घरी पुरुष राहतो का, हे कंपनी पत्त्यांच्या आणि कर्जांच्या नोंदींवरून ताडू लागली. स्कॉटलंडमध्ये आर. एस. मॅककॉल नावाची वर्तमानपत्रं आणि किरकोळ माल विकणाऱ्या दुकानांची साखळी होती. एका आईला त्या नावाच्या जोडीदाराबरोबर राहत असल्याबद्दल जाब विचारला गेला. एकोणीस वर्षांच्या दुसऱ्या आईला सांगितलं गेलं की तुझा जोडीदार चौऱ्याहत्तर वर्षांचा गृहस्थ आहे. तो गृहस्थ हयातही नव्हता. हप्ते आधी बंद होत, पुरावे मागाहून मागितले जात. ओरडा झाला आणि २०१६ मध्ये कंत्राट गुंडाळलं गेलं.

त्याआधीच्या वर्षी तर राज्यघटनेचाच पेच उभा राहिला. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी टॅक्स क्रेडिटमध्ये ४.४ अब्ज पौंडांची कपात काढली. किमान वेतन वाढवतो, सरकारी जोड कमी करतो, असा त्यांचा युक्तिवाद. पण पगारवाढ सावकाश येणार होती आणि कपात ताबडतोब. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी उमरावांच्या सभागृहाने ती अडवली. निवडून न आलेल्यांनी राबणाऱ्यांच्या बाजूने उभं राहावं आणि निवडून आलेल्यांनी चडफडावं, असं दृश्य वेस्टमिन्स्टरमध्ये क्वचित दिसतं. महिन्याभरात ऑस्बर्न यांनी माघार घेतली. मात्र एप्रिल २०१७ पासून तिसऱ्या मुलासाठी काही नाही, हा नियम आलाच.

दरम्यान बरेच भत्ते एकत्र करणारं ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ २०१३ पासून सुरू झालं होतं. ते दरमहा, मालकाने कळवलेल्या ताज्या पगारावरून ठरतं. वर्षाच्या हिशेबाची घोडचूक तिथे बऱ्याच अंशी सुधारली. नवे घोळ आहेत, पण तो वेगळा विषय. ५ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनचं टॅक्स क्रेडिट कायमचं बंद झालं. जुनी थकबाकी नव्या भत्त्यातून कापणं मात्र चालू राहिलं.

नेदरलँड्समध्ये याहून भयंकर घडलं. तिथल्या कर खात्याने पाळणाघर भत्त्यात लबाडी केल्याचा ठपका हजारो पालकांवर ठेवला, एखादी सही राहिली म्हणून संपूर्ण रक्कम परत मागितली, आणि संशयितांच्या निवडीत परदेशी मुळाच्या लोकांना जास्त लक्ष्य केलं. घरं गेली, संसार मोडले. जानेवारी २०२१ मध्ये मार्क रुटे यांच्या सरकारने राजीनामा दिला.

अमेरिकेत सरकार कधी पडलं नाही. तपासणीचा भार मात्र गरिबांवरच पडला. २०१९ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने दाखवलं की देशात आयकर तपासणीचं सर्वाधिक प्रमाण कुठल्या श्रीमंत उपनगरात नसून मिसिसिपीच्या हम्फ्रीज या गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय परगण्यात आहे, कारण ईआयटीसी घेणाऱ्यांची प्रकरणं टपालाने तपासणं स्वस्त पडतं. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मोजलं: कृष्णवर्णीय करदात्यांची तपासणी इतरांच्या २.९ ते ४.७ पट होते. नियम इतके किचकट की निम्म्याहून अधिक अर्ज फी घेणाऱ्या एजंटांकडून भरले जातात, आणि तरीही पात्र असलेल्या पाचांपैकी एकजण परतावा मागतच नाही. लबाडीचा गवगवा फार होतो. चुकीच्या पेमेंटचं प्रमाण खरोखरच मोठं आहे. पण मूल वर्षात कुणाकडे किती महिने राहिलं, यासारख्या प्रश्नाचं चुकलेलं उत्तरही त्याच खात्यात मोजलं जातं.

२०२१ मध्ये अमेरिकेने सहा महिने वेगळी वाट चालून पाहिली. मुलांचं क्रेडिट वाढवून, कमाईची अट काढून, सहा वर्षांखालच्या मुलामागे ३०० आणि मोठ्यामागे २५० डॉलर दरमहा बँकेत टाकले. देशाच्या पूरक मोजमापानुसार बालदारिद्र्य ९.७ वरून ५.२ टक्क्यांवर उतरलं, आजवरचा नीचांक. डेमोक्रॅट पक्षाचेच सिनेटर जो मँचिन अडून बसले, मुदत वाढली नाही, आणि पुढच्या वर्षी प्रमाण १२.४ टक्क्यांवर गेलं. आकड्यांनी इतकं स्पष्ट बोलावं आणि राजकारणाने इतकं सहज कानाआड करावं, हे अमेरिकेतच घडतं असं नाही.

ईआयटीसी जन्मली त्याच १९७५ मध्ये महाराष्ट्रानेही कर आणि मजुरी यांची सांगड घातली होती, उलट्या बाजूने. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. खेड्यात खडी फोडणाऱ्याची मजुरी त्यातून निघावी, हा हेतू. त्या योजनेत उत्पन्नाचा दाखला लागत नसे. उन्हात माती उपसायला जो येईल तो गरजू, इतकी साधी पडताळणी. वर्षअखेरचा हिशेब नाही, वसुलीची नोटीस नाही. वॉशिंग्टन आणि लंडनच्या पंडितांना जे चाळीस वर्षं जमलं नाही, ते तासगावच्या पागेंनी कुदळ-फावड्याने सोडवलं होतं, असं म्हटलं तर थोडं जास्त होईल. फार जास्त नाही.

व्यवसाय कराचं पुढे काय झालं? घटनेने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल घातली आहे. महाराष्ट्रात महिना दहा हजारांवर पगार असलेला पुरुष ही पूर्ण कमाल भरतो. पुण्यातला अठरा हजारांचा वॉचमन आणि त्याच इमारतीतला लाखोंचा पगारदार, दोघांचा आकडा एकच. महिलांना २५ हजारांपर्यंत सूट आहे, ती रास्त. केंद्राच्या आयकरात कलम ८७अ ची सवलत २०२५-२६ पासून बारा लाखांच्या उत्पन्नापर्यंत पोचली. ती कर शून्य करते, शून्याखाली नेत नाही. ज्या वॉचमनला आयकर लागतच नाही त्याला तिच्यातून छदाम मिळत नाही. भारतात बहुसंख्य कामगार विवरणपत्र भरत नाहीत, त्यांच्या मजुरीची नोंद कुठे नसते. ईआयटीसीची नक्कल इथे करायची तर आधी कमाई सिद्ध करण्याचा धंदा उभा राहील.

म्हणून राज्यं थेट हप्त्यांकडे वळली. लाडकी बहीण योजनेत जुलै २०२४ पासून महिना १,५०० रुपये मिळतात. अडीच लाखांच्या आतलं कौटुंबिक उत्पन्न ही अट, आणि घरात आयकरदाता असेल तर बाई अपात्र. निवडणुकीआधी अर्ज घाईने मंजूर झाले. पडताळणी नंतर आली. जुलै २०२५ मध्ये सुमारे २६ लाख लाभार्थी संशयित ठरवून त्यांचे हप्ते थांबवल्याचं महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितलं. त्यांत नियम मोडून घुसलेले असतील, पुरुषही सापडले. पण एकत्र रेशनकार्डात नाव राहिलेली, जावेचा नवरा कर भरतो म्हणून अडकलेली, आधारची नोंद जुळत नाही अशी बाईही त्याच यादीत असू शकते. आधी वाटप, मग संशय, मग बंदी हा क्रम ब्रिटन आणि नेदरलँड्स यांनी अनुभवला आहे.

महाराष्ट्राने निदान तीन गोष्टी लेखी नियमात आणाव्यात. हप्ता थांबवण्याआधी बाईला कारणासह नोटीस आणि गावपातळीवर म्हणणं मांडायची संधी द्यावी. खात्याच्या चुकीने गेलेली रक्कम परत मागू नये. आणि कुटुंब म्हणजे कोण, हे अर्जाच्या वेळीच सांगावं, वसुलीच्या वेळी नव्हे.